पाचांपैकी तीन

सकाळी सव्वासातला मी त्याच्या खोलीत गेले, तेव्हा त्याच्या सदऱ्याचं वरचं बटण लावलेलं होतं. मी ते लावलेलं नव्हतं. वरचं बटण मी कधीच लावत नाही, कारण पडल्या पडल्या ते त्याच्या गळ्याला काचतं, मग तो खोकतो, आणि तो खोकला की मला उठावं लागतं. बाकीची चार मी लावते, खालून वर, आणि पाचवं सोडून देते. गेले अकरा महिने हे असंच चालू आहे आणि अशा बाबतीत माझ्या हातून चूक होत नाही. मी लिफ्ट तपासते. दोरातल्या तुटलेल्या तारा मोजायच्या, दरवाजा पूर्ण लागल्याशिवाय लिफ्ट हलत नाही ना ते बघायचं, ब्रेक बघायचा, आणि मग आरशाच्या बाजूला लावायच्या कागदावर सही करायची, हे माझं काम. एक तार जास्त तुटलेली निघाली की मी अख्ख्या इमारतीला जिन्याने चालायला लावते आणि लोक माझ्या नावाने बोटं मोडतात. माझ्या स्वतःच्या इमारतीला लिफ्टच नाही, यावरचे विनोद सगळ्यांचे करून झालेले आहेत. सांगायचा मुद्दा, ते बटण मी लावलेलं नव्हतं, आणि खोलीत त्याच्याशिवाय दुसरं कुणी नव्हतं. तो डोळे मिटून पडला होता. झोपला नव्हता, झोपला की त्याचं तोंड उजवीकडून उघडं पडतं. मी पडदा सरकवला, खिडकी उघडली, आणि तिथेच उभी राहिले.

तो म्हणजे माझा बाप. मनात मी त्याला अरे-तुरे करते, तोंडाने अहो-जाहो, आणि हाक मारायची वेळ येऊच देत नाही. घरात दोनच माणसं असली की हाक मारल्यावाचून वर्ष निघतं. सव्वीस वर्षं तो तुरुंगात होता. गेल्या वर्षी तिथल्या दवाखान्यात त्याची उजवी बाजू गेली. हृदय त्याआधीच कामातून गेलेलं. हा माणूस आता स्वतःचं काही करू शकणार नाही, असं डॉक्टरांनी लिहून दिलं, आणि ज्याला स्वतःचा सदरा घालता येत नाही त्याच्यावर पहारा तरी कशाला ठेवायचा, म्हणून त्यांनी त्याला आजारपणाच्या सुटीवर माझ्याकडे पाठवून दिलं. याला सुटका म्हणायचं नाही, हे कागदावर ठळक छापलेलं आहे. शिक्षा चालूच आहे, तो फक्त ती माझ्या घरात भोगतो. मी रोज वहीत नोंद करायची. कामं पाच : उठून बसणं, संडासला जाणं, आंघोळ, कपडे, जेवण. यांतली तीन तो कुणाच्या मदतीशिवाय करायला लागला की तो आजारी धरला जात नाही. गाडी येते आणि त्याला परत घेऊन जाते. उठून बसणं त्याला पाचव्या महिन्यात जमलं, मी लिहिलं. भिंतीवरचा दांडा धरून संडासच्या खुर्चीवर सरकणं आठव्या महिन्यात जमलं, तेही लिहिलं. सदरा डाव्या हाताने आणि दातांनी ओढून तो अंगात चढवतो, अडलं होतं ते बटणांवर. बटणं जमली म्हणजे कपडे जमले, आणि कपडे जमले म्हणजे तीन. परत गेला तर तो तिथे टिकणार नाही. आजाऱ्यांच्या खोलीत बत्तीस खाटा आहेत आणि मदतनीस एक. दर दोन तासांनी कुशीवर वळवायला तिथे कुणी नाही; पाठीला जखमा होतील, मग ताप येईल, आणि पावसाळा काही तो बघणार नाही. हे मला तपासणीच्या नर्सने मागच्या खेपेला चहा पिता पिता सांगितलं होतं. ती दर तीन महिन्यांनी येते. आज साडेदहाला येणार होती.

खरं तर ही वेळ आणली मीच. तो आला तेव्हा सोबत व्यायामाचा एक छापील कागद आला होता. बोटं उघडमीट वीस वेळा, मनगट वीस वेळा, चेंडू दाबणं, कपड्याचा चिमटा उघडणं, दिवसातून चारदा. कागदावर लिहिलंय ते करायचं, इतकंच मला कळतं. कामावर जाण्याआधी एकदा, आल्यावर दोनदा, आणि दिवसा येणाऱ्या बाईंकडून एकदा, असं मी एकही दिवस न चुकता करून घेतलं. त्यात माया होती असं कुणी समजू नये. त्याचं मेलेलं बोट पकडून मी वीस आकडे मोजायची, तो कण्हला तरी मोजणं थांबवायची नाही, आणि खरं सांगायचं तर तो कण्हला की मला बरं वाटायचं. मागच्या खेपेला नर्सने वही चाळली. मग म्हणाली, बाकीच्या घरी हा कागद फ्रिजच्या दारावर चिकटवलेला असतो, तिथेच तो पिवळा पडतो. तुम्हीसुद्धा जरा दमाने घ्या, ताई. मला वाटलं ती माझं कौतुक करते आहे. मी म्हटलं, छे, जे करायचं ते नीट करायला नको का. तिने माझ्याकडे पाहिलं आणि कप बशीत ठेवला. ती मला काय सांगत होती ते कळायला मला तीन महिने आणि एक बटण लागलं.

मी पाणी तापवायला ठेवलं आणि स्वयंपाकघरात भांडी उगाच इकडची तिकडे केली. संताप येत होता तो भलत्याच गोष्टीचा. किती दिवसांपासून जमत होतं याला? महिना? दोन महिने? रोज सकाळी मी वाकून त्याची बटणं लावायची, माझी कंबर धरायची, त्याच्या श्वासाचा आंबूस वास थेट माझ्या तोंडावर यायचा, आणि हा छताकडे बघत पडलेला असायचा. जमत असूनही पडलेला. मला वाटलं, घाबरला असणार. परत जावं लागेल म्हणून लपवत असणार, आणि झोपेत किंवा सवयीने हात चालला असणार. लबाड आहे, हा शब्द मी गॅससमोर उभी राहून मोठ्याने म्हटला. सव्वीस वर्षांत जे शिकला ते हे. मग वाटलं, बरं झालं. वही आणायची, लिहायचं, साडेदहाला ती सही करेल, गाडी आठवड्याभरात येईल. माझी खोली मला परत मिळेल. औषधाचा आणि ओल्या गादीचा वास जायला महिना लागेल, पण जाईल. मी वही काढली, पेनाचं टोपण काढलं, तारीख घातली. त्यापुढे काही लिहिलं नाही.

चौदा वर्षांची असताना मी असंच एकदा खरं सांगितलं होतं. बाबा आणि धाकटा काका मिळून पंप दुरुस्तीचं दुकान चालवायचे, घराच्या पुढच्या भागातच. काका मला सायकलवर पुढच्या दांड्यावर बसवून शाळेत सोडायचा, शीळ वाजवत. त्याच्या हातांना कितीही धुतलं तरी ग्रीसचा वास यायचा आणि मला तो आवडायचा. त्या दुपारी जेवताना तो बाबांची थट्टा करत होता. बाबांनी दुरुस्त केलेला एक पंप तिसऱ्यांदा परत आला होता. काका म्हणाला, दादा, हा पंप आता तुझ्याकडे माहेरपणाला येतो वाटतं. मी हसले. आई हसली. काका तर घास तोंडात धरून हसत होता. बाबा उठले, आतल्या खोलीत गेले, मोठा पाना घेऊन आले. काका अजून हसतच होता. पुढचं मी पुष्कळ वेळा सांगितलेलं आहे, पोलिसांना, वकिलांना, आता सांगत नाही. कोर्टाच्या आदल्या दिवशी आई म्हणाली होती, तू अभ्यास करत होतीस, तुला काही दिसलं नाही, एवढंच म्हण. वकिलांनी विचारलं, पाना तिथेच पडला होता का? मी म्हटलं, नाही, आतून आणला. एवढ्यावर थांबायचं होतं. विचारलं त्यापेक्षा जास्त सांगायची मला तेव्हापासूनची खोड. मी म्हटलं, बाबा मधे पाणी प्यायला थांबले. न्यायाधीशांनी मान वर केली. निकालात ते पाणी तीनदा आलं. जो माणूस हत्यार हातात घेऊन शांतपणे पेलाभर पाणी पिऊ शकतो, त्याचा रागाने तोल गेला असं म्हणता येत नाही. त्यानंतर आईने माझी वेणी घातली नाही. रागावली नाही, बोलणं टाकलं नाही, जेवायला वाढत राहिली. फक्त कंगवा घेऊन माझ्या मागे कधी बसली नाही. महिन्याभराने मी केस कापून टाकले. ती दर महिन्याला त्याला भेटायला जायची आणि आल्यावर काही सांगायची नाही. सहा वर्षांपूर्वी ती गेली. मग गेल्या वर्षी तुरुंगातून पत्र आलं की कैद्याला सांभाळायला कुणी तयार आहे का, आणि मी हो लिहिलं. माझ्याबरोबरचे म्हणाले, मोठं मन आहे हो तुमचं. मन वगैरे काही नाही. मला तो माझ्यासमोर हवा होता. काकाला मारणारा माणूस माझ्या डोळ्यांआड म्हातारा होऊन मरून जातो, हे मला चालणार नव्हतं.

पाण्याचं पातेलं घेऊन मी त्याच्या खोलीत गेले. त्याने डोळे उघडले होते. मी विचारलं, कधीपासून जमतं? त्याचं अर्धं तोंड चालतं, त्यामुळे तो थोडं बोलतो, आणि शब्द आधी जुळवून मग बोलतो.

"दीड महिना. वरचं तेवढं राहिलं होतं."

"आणि मला कळू दिलं नाहीत."

"पाचही जमल्यावर दाखवणार होतो. आज ती येणार ना."

मला आधी अर्थच लागला नाही. मग मी खुर्ची ओढून बसले. म्हणजे हा लपवत नव्हता. मी कामावर गेल्यावर, बाई बाहेर पेंगत असताना, हा चादरीखाली बटणं लावत होता, काढत होता, पुन्हा लावत होता. आणि ते आज नर्सला दाखवायला. मी म्हटलं, तीन झाली की काय होतं ते माहीत आहे ना तुम्हाला? तो म्हणाला, माहीत आहे. म्हणाला, वहीत लिही, तू खरं तेच लिहिशील. अगदी साधेपणाने म्हणाला, टोमणा वगैरे नव्हता. तो माझ्या खरेपणाच्या भरवशावर होता. मी विचारलं, तिथे काय ठेवलंय तुमचं?

"तिथे कुणी माझा राग करत नाही. सगळ्यांनीच काही ना काही केलेलं असतं." मग बराच वेळ शब्द जुळवून म्हणाला, "तू मला पुसतेस ना, भांडं घासल्यासारखं. रोज."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अकरा महिने मी माझी झोप, माझी कंबर, माझे रविवार या माणसाच्या खाली अंथरले होते, आणि याला माझ्या हाताचा जाच होत होता. याला इथून सुटायचं होतं. काकापासून सुटला, आईपासून सुटला, आता माझ्यापासून. बत्तीस खाटांच्या खोलीत जाऊन, जिथे कुणी कुणाला काही विचारत नाही तिथे, हा निवांत मरणार होता, आणि त्या कागदावर सही माझी हवी होती. कोर्टातही माझंच तोंड लागलं होतं. मी इतकी चिडले की जे कधी विचारायचं नाही असं ठरवलेलं होतं, तेच तोंडून बाहेर पडलं. पाणी का प्यायलात त्या दिवशी?

तो माझ्याकडे बघत राहिला. कुठलं पाणी, असं त्याने विचारलं नाही.

"वाटलं, पाणी प्यायलं की जाईल."

"काय जाईल?"

"राग. माझी आई सांगायची लहानपणी, राग आला की पाणी पी. प्यायलो. नाही गेला."

पातेल्यातलं पाणी निवत होतं. मी म्हटलं, हे कोर्टात का नाही सांगितलंत? तो म्हणाला, कुणी विचारलं नाही. आणि तू खरंच सांगत होतीस, तुला खोटं कशाला पाडायचं. एवढं बोलून तो दमला आणि त्याने डोळे मिटून घेतले. मी त्याला पुसलं. हात हळू चालवायचा प्रयत्न केला, तर तो आणखीच अवघडला, म्हणून पुन्हा नेहमीसारखं पुसलं. मला रडू वगैरे आलं नाही. मी फक्त त्या पेल्याचा विचार करत होते. स्टीलचा, कडेला पोचा आलेला, माठाच्या झाकणावर उपडा ठेवलेला. तो मी पाहिला होता आणि बरोबर सांगितला होता. त्यात एक शब्द चुकीचा नव्हता. अशा शंभर टक्के बरोबर शब्दांवर मी पुढे माझी सगळी नोकरी केली, आणि त्याच शब्दांतून तिकडे भलताच माणूस तयार झाला, थंड डोक्याचा, आणि त्यालाच सव्वीस वर्षं आत ठेवलं. खरा होता तो तहानेने उठलेला नव्हता आणि शांतही नव्हता. अर्थात त्याने काकाला मारलंच. पाणी पिऊनही मारलं. हे मला कुणी समजावून सांगायची गरज नाही. पण मग ज्याने थांबायचा प्रयत्न केला आणि ज्याला थांबता आलं नाही, त्याच्यावर मी सव्वीस वर्षं नीट रागावलेच नव्हते. मी दुसऱ्याच कुणावर रागावत बसले होते. आता कुठे तो सापडला होता, आणि आठवड्याभरात त्याला गाडी घेऊन जाणार होती.

नर्स साडेदहाला आली. जिना चढून धापा टाकत होती, बॅग तिने खुर्चीवर टाकली. तिच्यामागे आणखी चार घरं होती. नाडी, रक्तदाब, पाठ, टाचा, सगळं तिने झरझर पाहिलं. पाठीवर एक लालसर डागही नाही म्हणून मान डोलावली. मग तक्ता काढून पाच प्रश्न विचारायला लागली. ती ते नेहमी मलाच विचारते. उठून बसणं, जमतं. संडास, जमतं. आंघोळ, नाही. कपडे?

"बटणं लावता येतात मला," तो म्हणाला. इतकं स्पष्ट तो अकरा महिन्यांत बोलला नव्हता.

नर्सने पेन वर उचललं आणि माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात घाई होती, आणि मागच्या खेपेचा तो कपही होता. आज मला तो दिसला. मी म्हटलं, नाही हो. सकाळी मीच लावली. त्यांना वाटतं आपण लावली. हल्ली असं होतं त्यांचं, कालचं आजचं एक करतात.

तो माझ्याकडे बघत होता. मी जन्मात पहिल्यांदा खोटं लिहवून घेत होते, आणि ते सोपं होतं, ब्रेक नसलेली लिफ्ट पास करण्याइतकं सोपं. मग त्याचा उजवा हात छातीवरून वर सरकायला लागला. बटण काढून पुन्हा लावून दाखवणार होता. बोटं थरथरत होती, पण ती जाणार होती तिथपर्यंत, मीच त्यांना तसं शिकवलं होतं. मी खाटेवर त्याच्याजवळ बसले आणि त्याचा हात माझ्या दोन्ही हातांत घेऊन छातीवर दाबून धरला. जोर लावावा लागला. "राहू द्या, बाबा," मी म्हटलं. "आता दमला आहात." सव्वीस वर्षांत मी ती हाक पहिल्यांदा मारत होते, आणि ती मारली एका बाईला फसवायला. माझ्या हातांखाली त्याची बोटं दोनदा वळवळली आणि थांबली.

नर्स म्हणाली, लेक आहे म्हणून एवढं होतंय, आजोबा. तक्त्यात तिने कपड्यांपुढे नाही लिहिलं, आणि खाली शेऱ्यात विसरतात असंही लिहिलं. जेवण? नाही. मी सही केली. ती पायऱ्या उतरताना म्हणाली, आता तीन महिन्यांनी, आणि मग जरा थांबून म्हणाली, बरं केलंत, ताई. मी दार लावून घेतलं.

तो माझ्याकडे बघायला तयार नव्हता. "खोटं सांगितलंस," भिंतीकडे तोंड करून म्हणाला. मला वेडा ठरवलंस, असंही म्हणाला, किंवा तसं काहीतरी. त्याचे शब्द पुन्हा घसरायला लागले होते. मी म्हटलं, हो. मी खाटेचा डोक्याकडचा भाग वर केला, उशा लावल्या, फळी त्याच्या मांडीवर ठेवली. मग ताट वाढून आणलं, मऊ भात आणि पातळ आमटी, आणि चमचा त्याच्या डाव्या हाताशी ठेवला. रोज मी भरवते. आज समोर खुर्चीवर बसले.

"कागदावर तुम्हाला काही येत नाही," मी म्हटलं. "मरेपर्यंत येणार नाही. घरात मात्र सगळं स्वतःच्या हाताने करायचं."

त्याला ते समजायला वेळ लागला. मग त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि त्या डोळ्यांत जे होतं त्याला मी माया म्हणणार नाही. सरळ सरळ राग होता. मी बघत राहिले. त्याने चमचा उचलला. पहिला घास सदऱ्यावर सांडला, दुसरा अर्धा तोंडात गेला. मी पुसायला उठले नाही. चौथ्या घासाला तो थांबला.

"मीठ कमी आहे," तो म्हणाला.

या घरात त्याने केलेली ती पहिली तक्रार. मिठाची बरणी फळीच्या पलीकडच्या टोकाला होती, त्याच्या हाताला लागेल न लागेल अशी. मी ती पुढे सरकवली नाही. तो तिच्याकडे बघत होता, मग माझ्याकडे, मग पुन्हा तिच्याकडे. शेवटी त्याने चमचा खाली ठेवला आणि हात उचलला. मला घाई नव्हती, मी दिवसभराची रजा टाकली होती.